ओला पिट्ठू

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बापाला नाही — तो तर न ऐकताच गेला — आणि पलटणीत ज्यांच्यासोबत एका ताटात जेवलो त्यांनाही नाही. आज सांगून राह्यलो. काहून आजच? ते शेवटी येईल. आधीच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पोरीनं विचारलं म्हणून याच्या तोंडाला पाझर फुटला, नाहीतर हा बोललाच नसता. आणि खरंच आहे ते. नसतो बोललो.

मी पांढरकवड्याचा. फौजेतून रिटायर होऊन आलो आणि आता गावाबाहेरच्या पडीक मैदानावर सकाळी पोरापोरींना पळवतो, भरतीसाठी. सगळे मला 'पॅरावाले सर' म्हणतात. घरात काचेच्या कपाटात माझी मरून रंगाची टोपी आहे, छातीवर लावायचे पंख आहेत. पाहुणे येणार असले की बायको आधी ते कपाट पुसते, मग चहा टाकते. आणि मी — मी त्या वेळी अंगणात निघून जातो. लोकांना वाटतं, काय साधा माणूस आहे, मोठेपणा म्हणून नाही. साधा कसला हो? त्या टोपीला मला ओल्या कापसाचा वास येतो. दुसऱ्या कोणाला येत नाही.

गावात एक प्रश्न मला हमखास विचारतात. विमानातून उडीच मारायची, तर एवढं पळायचं कायले? छत्रीला पाय थोडेच लागतात! आमचा उस्ताद होता — हिमाचलकडचा, बुटका, आवाज मात्र लग्नातल्या भोंग्यासारखा — तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "जहाज से तो बोरा भी गिर जाता है. गिरने के बाद जो भागे, वो पॅरा." उडी अगदी शेवटी. त्याआधी नुसतं पळणं. सुरुवातीला बूट घालून, मग पाठीवर पिट्ठू म्हणजे आमचा फौजी थैला आणि हातात रायफल घेऊन, आणि मग तेच सगळं घेऊन लांबच्या लांब, डोंगर चढून आणि उतरून. प्रत्येक पळण्याला वेळ ठरलेली. उस्ताद चुन्याच्या रेषेवर घड्याळ धरून उभा. रेषेच्या अलीकडे वेळ संपली की तुम्हीही संपले. ताप होता का, पाय मुरगळला का, कोणी विचारत नाही. आणखी एक संधी द्यायचे. तीही गेली की बिस्तरा बांधा आणि जुन्या पलटणीत वापस जा.

आणि पिट्ठूचं वजन. हे नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. पिट्ठू आपला आपण भरायचा, वाळूच्या पिशव्या घालून. निघताना काट्यावर ठेवायचा, आल्यावर पुन्हा काट्यावर. वाटेत कोणी वाळू सांडून हलका झाला तर वेळेत येऊनही बाद. आणि तो नुसता बाद नाही, तो चोर. उशिरा पोचलेल्याला उस्ताद स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजायचा, खांद्यावर थाप मारायचा. वजन चोरणाऱ्याकडं तो पाहायचासुद्धा नाही. आमच्यातल्या सगळ्यांना नापास होण्याची भीती होती, पण त्या न पाहण्याची जास्त होती.

तिथं, पॅराच्या ट्रेनिंगला, आम्ही दोघं एकाच पलटणीतून गेलतो, एकाच जिल्ह्याचे, एकाच शाळेचे. मी आणि परसराम.

परसरामचा तांडा केळापूरच्या पुढे. शाळेपासूनचा दोस्त. दोस्त म्हणू ना? म्हणतो. मला दुसरा शब्द माहीत नाही, आणि त्याच्या बाजूनं तर तो खराच होता. भरतीच्या आधी आम्ही केळापूरच्या रस्त्यानं पळायचो. तो तांड्यावरून पळत पळत माझ्या घरापर्यंत यायचा, मला उठवायचा, आणि मग माझ्यासोबत पुन्हा केळापूरपर्यंत पळायचा. म्हणजे माझी सुरुवात व्हायची तेव्हा त्याचं अर्धं झालेलं असायचं. वर हसायचा. "चाल ना बे बाबू, बापानं पाळण्यात निजवलं काय तुले?" मला तो बाबूच म्हणायचा, कारण माझा बाप बाबू होता.

बाप कापसाच्या खरेदी केंद्रावर बाबू होता. ती सालं अशी, की आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि आम्ही पेपर उलटा करून ठेवायचो. केंद्राबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यावर यायची. बैल सोडलेले, माणसं गाडीखाली निजलेली. माझा बाप प्रत्येक गाडीशी जायचा, बाही वर करायचा आणि कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा. आत ओल लागली की गाडी बाजूला. वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारत, ते खोटं नाही. पण रांगेत रात्र रात्र उभ्या गाडीवर दव पडत नाही का? बापाला दव आणि पाणी एकच. घरी आला की हात धुता धुता म्हणायचा, "हे कापूसवाले!" — आणि पुढे काही बोलायचा नाही, गरजच नव्हती. त्या एका शब्दातच सगळं यायचं. आम्ही पोरं तो शब्द त्याच सुरात म्हणायला शिकलो.

आणखी एक शिकलो. बाप जेवताना रंगवून सांगायचा, कोण कसं फसवतं — वरचा थर कोरडा कसा ठेवतात, पाणी मधल्या थरात कसं जिरवतात, कापूस कसा पाणी पोटात धरून बसतो. मी ऐकायचो. परसरामला यातलं काही येत नव्हतं. त्याच्या बापानं, हिरामण काकानं, उभ्या जन्मात कापसाला पाणी दाखवलं नव्हतं. कापूसवाला तो होता, पण पाणी मारायची विद्या माझ्या घरात होती.

तिकडं ट्रेनिंगमध्ये मी नुसत्या पळण्यात कसाबसा निभलो. वजनाचं पळणंही रेटलं. पण शेवटचं लांबचं पळणं — तिथं माझा दम निघाला. पहिल्या खेपेला रेष दिसत होती, उस्ताद दिसत होता, आणि वेळ संपली. परसराम त्या दिवशी केव्हाच पुढे जाऊन पास झाला असता. गेला नाही. माझ्या बाजूनं पळत राहिला, "आलं बे, आलं, तो काय झाडापाशी उस्ताद," म्हणत. माझ्यापायी तोही बाद झाला. वर त्यानंच बराकीत येऊन माझ्या पायांना तेल लावून दिलं. सांगा, असा माणूस तुम्हाला मिळाला असता तर तुम्ही काय केलं असतं? मी काय केलं, ते आता सांगतो.

दुसरी खेप शेवटची होती. मला माहीत होतं, मी पोचत नाही. पाय माझेच होते, मला कळत होतं. गावात बापानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं — आपला पोट्टा छत्रीवाल्यांत गेला. गेला! अजून जायचाच होता. वापस गेलो तर बापाला काय तोंड दाखवू, हे एवढंच डोक्यात. त्यापुढं दुसरं काही सुचत नव्हतं.

बराकीच्या मागं फाटक्या रजया टाकलेल्या असत. मी एकीतला कापूस काढला. प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरला, वरून पाणी सोडलं, मुरवलं, पिशवीच्या तोंडाला सुतळीची सुरगाठ मारली. पिट्ठूत खाली थोडी वाळू, वर ही पिशवी, तोंड खालच्या बाजूला, सुतळीचं टोक बाहेर काढलेलं. काट्यावर वजन चोख. वाटेत सुतळी ओढली की पाणी गळून जाईल, पिट्ठू हलका. आणि रेषेच्या अलीकडे, वळणापाशी, एक नाला होता. तिथं पुन्हा भिजवायचा. बापाची सगळी विद्या मी त्या एका थैल्यात ओतली.

त्या सकाळी पिट्ठू भरताना परसराम माझ्या शेजारीच होता. मी आधीच भरून बसलो होतो. तो वाळू भरत होता, वजन बरोबर झाल्यावर त्यानं वरून आणखी दोन मुठी टाकल्या. मी म्हटलं, कायले रे? तो म्हणाला, "काट्यावर कटती लागतेच, बाबू. दोन मुठी जास्तीच्याच टाकाव्या." त्याच्या बापाची सवय. केंद्रावर कापूस मोजताना कटती कापायचे — धुळीची, ओलीची, कशाची ना कशाची — म्हणून हिरामण काका घरूनच थोडा जास्त भरून आणायचा, वजनात कमी निघायला नको म्हणून. तो पोरगा फौजेत येऊनही कटती धरून वाळू भरत होता. कोण कापणार होतं तिथं? कोणीच नाही. पण सवय.

निघालो. पहिल्या चढानंतर मी सुतळी ओढली. पाठीवरून, पँटीतून, बुटापर्यंत थंडगार पाणी आलं. बाकीच्यांना वाटलं घाम. हलका झालो हो! खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला लाज नाही वाटली. आनंद झाला. मी पळत होतो आणि परसराम बाजूनं म्हणत होता, "वा रे बाबू! आज तर वाघच झाला बे!" त्याला खरंच आनंद झाला होता. तो माझ्यासाठी खुश होता आणि मी ते ऐकून घेत होतो.

नाल्यापाशी मी म्हटलं, मला ओकारी येते, तू हो पुढे. तो कसला होतो पुढे! तो काठावर थांबला आणि पाठ फिरवून उभा राहिला. ओकणाऱ्या माणसाकडं पाहू नये, त्याला लाजल्यासारखं होतं, म्हणून. मी त्याच्या त्या पाठीमागं पिट्ठू पाण्यात दाबून धरला. कापसानं पाणी घेतलं. पण सुतळी पुन्हा बांधायला बोटं चालेनात, सुजली होती. गाठ नीट बसलीच नाही. तसाच पाठीवर मारला आणि पळालो.

वेळेत पोचलो. दोघंही. रेषेच्या पुढे जाऊन मी आडवा झालो. सगळे आपापल्या पिट्ठूशी पडले होते. पिट्ठूवर नंबर वगैरे काही नव्हते, ज्याच्या पायाशी जो असेल तो त्याचा. परसरामनं आपला पिट्ठू माझ्या पिट्ठूला खेटून ठेवला आणि म्हणाला, "पड तू. मी मीठपाणी आणतो तुह्यासाठी." आणि गेला. त्याच्या स्वतःच्या ओठांवर पांढरी साल आली होती.

तेव्हा मी पाहिलं. माझ्या पिट्ठूखालून पाणी निघालं होतं. धुळीतून एक ओली रेघ माझ्या बुटाकडं येत होती, सावकाश. आणि उस्ताद काटा घेऊन रांगेनं येत होता, तीन-चार माणसं सोडून.

आता इथं मी थांबतो थोडा. थांबू द्या. कारण इथपर्यंतचं सगळं मी मनात कितीदा तरी उगाळलंय, आणि इथपर्यंत मी भित्रा आहे, लबाड आहे — पण चालतं, असे पुष्कळ असतात. पुढचं मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही.

मी पिट्ठू बदलले. माझा ओढून त्याच्या जागी ठेवला, त्याचा माझ्या पायाशी घेतला. ओल्या जागेवर मी बसलो, रेघ झाकली. कोणी पाहिलं नाही, सगळे आपापल्या श्वासात होते. विचार करून केलं का घाबरून? हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलो. घाबरून केलं म्हणावं तर हात किती बेतानं चालले होते. आवाजसुद्धा होऊ दिला नाही मी.

परसराम मगभर मीठपाणी घेऊन परत आला आणि त्याच वेळी उस्तादही आला. पिट्ठू उचलला तसं पाणी गळलं. उस्तादानं आत हात घातला आणि कापूस बाहेर काढला, चिंब, काळपट, लोंबणारा. त्या डोंगरात कापूस कुठून येणार? त्याला आधी कळलंच नाही ते काय आहे. परसराम कापसाकडं पाहत राहिला. मग आपल्या पायाशी पाहिलं. मग माझ्या पायाशी. पिट्ठू सगळे एकसारखे, पण आपला थैला माणसाला ओळखू येत नाही का?

"साब, ये मेरा नहीं है," तो म्हणाला. एकदाच.

"सब यही बोलते हैं," उस्ताद म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "तेरे गांव का है ना? ये क्या है?"

नुसतं 'मालूम नहीं' म्हणता आलं असतं. तेही खोटंच असतं, पण लहान खोटं. मी काय बोललो माहीत आहे? मी बोललो, "साब, हमारी तरफ कपासवाले ऐसा करते हैं. वजन के लिए पानी मारते हैं."

कपासवाले. बापाच्याच सुरात. हिंदीतही तो सूर बरोब्बर आला.

त्या एका वाक्यानं त्याचं सगळं संपलं. मी बाबूचा पोट्टा, तो कापूसवाल्याचा. कोणाला काही विचारायचं उरलंच नाही. परसराम माझ्याकडं पाहत होता. चिडून नाही. चिडला असता, गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. तो वाट पाहत होता. अजून हा बोलेल, आता बोलेल, अशी वाट. केळापूरच्या रस्त्यावर मी मागं पडलो की थांबून पाहायचा ना, तसंच. मी आलो नाही. मग त्यानं हातातला मग खाली माझ्यासमोर ठेवला, ओला पिट्ठू खांद्याला अडकवला आणि उस्तादानं बोट केलं तिकडं गेला.

आणि मी ते मीठपाणी प्यालो. सगळं प्यालो. तहान लागली होती.

मग माझ्या पायाशी असलेला पिट्ठू काट्यावर चढला. उस्ताद म्हणाला, "शाबाश! ज्यादा ही निकला." सगळ्यांसमोर त्यानं मला उभं केलं — असा असतो जवान, जो वजन चुकवत नाही, वरून जास्त घेतो. टाळ्या पडल्या. त्या दोन मुठींच्या टाळ्या मी घेतल्या, राजेहो.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी निघाली. मी मेसच्या मागं जाऊन उभा राहिलो, गाडी जाईपर्यंत. निरोप द्यायला गेलो नाही. काय तोंडानं जाणार? पुढं उड्या झाल्या, टोपी मिळाली. उडीच्या दारात सगळ्यांची फाटते, माझी फाटली नाही. सोबतचे म्हणायचे, काय जिगर आहे. मला त्या दारात उभं राहून एकच वाटायचं, की छत्री नाही उघडली तर हे सगळं माझ्यासोबतच जमिनीत जाईल, कोणाला कळणार नाही. ती जिगर नव्हती.

इथं तरी संपायला हवं होतं ना? नाही संपलं. एसटीडीवरून बापाला फोन केला, टोपी मिळाली म्हणून. बाप खुश. मग सहज म्हणाला, "आणि तो तांड्यावरचा? त्याचं काय झालं?" वेळ चुकली त्याची, असं मी म्हणू शकलो असतो. तिथं ना उस्ताद होता, ना कोणती भीती. पण माझ्या तोंडून निघालं, "पाणी मारलं त्यानं. पकडला गेला." बाप हसला. खूप हसला. मी पण हसलो, फोनवर, बूथवाल्यासमोर.

बापानं ती गोष्ट केंद्रावर नेली. हिरामण काका गाडी घेऊन रांगेत होता, दोन रात्रींचा जागलेला. बापानं चार गाडीवाल्यांसमोर म्हटलं, "काय हिरामण, पोट्ट्याले बरं शिकवलं! फौजेतही पाणी मारून आला म्हणते!" लोक हसले. काकानं बैल जुपले आणि कापूस न मोजताच गाडी वळवून घेऊन गेला. त्यानंतर त्या केंद्रावर तो कधी आला नाही, मिळेल त्या भावात दुसरीकडं घालत राहिला. हे मला कोणी सांगितलं? बापानंच, पुढच्या फोनवर, मजा म्हणून. मी ऐकलं आणि म्हटलं, "बरं, ठेवतो, लाईन आहे मागं." मागं कोणी नव्हतं.

तांड्यावर त्या घराला नाव पडलं — पाणीमारे. आमच्याकडं नाव पडलं की ते जात नाही. काका गेला तो पाणीमाऱ्याचा बाप म्हणून गेला. परसरामची याडी, म्हणजे आई, माझ्या लग्नाला आली होती. तिनं मला आहेर केला. कपाळाला कुंकू लावताना म्हणाली, "तू तरी नाव काढलं रे बाबू." मी वाकून तिच्या पाया पडलो. सांगायला हवं होतं. तिथंच, मांडवातच. पाठीवर तिचा हात होता, आणि मी कसला विचार करत होतो तर फोटोवाला थांबलाय याचा.

आणि परसराम? तो जुन्या पलटणीत राहिला, बढती उशिरा मिळाली, नोकरी पुरी करून आला. आता शेती करतो. बाजारात भेटतो. पहिल्यांदा सुट्टीत भेटला तेव्हा स्टँडवर होता. मी टोपी घालून उतरलो होतो, बापानंच सांगितलं होतं घालून ये म्हणून. मला पळून जावंसं वाटलं. तो जवळ आला, टोपीकडं पाहिलं आणि म्हणाला, "जमलं ना तुह्यं? बरं झालं." एवढंच. त्यानं माफ केलं की थुंकला, मला आजवर कळलेलं नाही. विचारायची छाती नाही.

मागच्या वर्षी तो पोरीला घेऊन माझ्या मैदानावर आला. शीतल नाव. म्हणाला, "बाबू, हिले पळव. दम हाय हिच्यात." पूर्ण जिल्ह्यात दुसरे पळवणारे नाहीत काय? माझ्याकडंच काहून आणली? मी 'हाव' म्हटलं. पोरगी पळते, बापासारखीच पळते, ओठ मिटून. मी पोरांना पाठीवर वाळूचं पोतं घेऊनही पळवतो. पहिल्याच दिवशी तिनं पोतं भरलं, काट्यावर पाहिलं आणि वरून दोन मुठी टाकल्या. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "बाबा म्हणते सर, कटती लागते." मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना पिटाळलं.

आता आज सकाळचं. दोन पोरं तिला चिडवत होती, तिच्यापेक्षा मागं राहिलेलीच दोघं. "सर, हिचं पोतं तपासा ना, पाणीमाऱ्याची पोरगी हाय!" सगळे हसले. पोरगी रडली नाही. तिनं पोतं उतरवलं, तोंड सोडलं आणि सगळी वाळू मैदानात सर्वांसमोर पालथी केली. कोरडीठाक. वारा होता, थोडी उडाली. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, सगळे बघत होते, आणि तिनं विचारलं, "सर, तुम्ही होते ना तिथं? बाबानं खरंच पाणी मारलं होतं का?"

त्याच डोळ्यांनी. तशीच वाट पाहत.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे पोरी. पळण्यावर ध्यान दे."

तिनं ते 'हो' समजलं. समजणारच. तिची मान खाली गेली. आजवर ती बापासाठी भांडत आली होती, आणि आज माझ्यासमोर तिची मान खाली गेली. मग ती बसली आणि ओंजळीनं वाळू गोळा करून पोत्यात भरू लागली. पोरं पांगली. मी घड्याळाकडं बघत उभा राहिलो, जसं काही कोणाची वेळ लावलीय.

उद्या तिला सांगीन, असं मी म्हणत नाही. 'उद्या' म्हणून मी इतकी वर्षं काढली. मी वयानं लहान होतो, बापाची भीती होती, पाय गेले होते — हेही म्हणत नाही, कारण परसरामही तेवढाच होता, त्यालाही बाप होता आणि त्याचेही पाय गेले होते.

पाणी मी मारलं. कापूस मी भरला. जो गळत होता तो पिट्ठू माझा होता. परसरामचा पिट्ठू कोरडा होता, आणि वजनात दोन मुठी जास्त होता.